तीन भाषांचा एक शिक्षक

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशची हद्द जवळ आली की नाकाडोंगरी लागते. भोवती जंगल, आसपास चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खाणी, पलीकडे बालाघाट जिल्हा. या पट्ट्यातल्या मुलाच्या कानावर शाळेत जाण्यापूर्वीच तीन-चार भाषा पडलेल्या असतात. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी. बाजारात आणि खाणीच्या वसाहतीत हिंदी. प्रमाण मराठीची गाठ बहुधा शाळेतच पडते. तिच्या जोडीला पहिलीपासून इंग्रजी येते, आणि पाचवीपासून अभ्यासक्रमातली हिंदी.

महाराष्ट्रात भाषेवरून वाद नवे नाहीत. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, सक्तीची की ऐच्छिक, यावर गेल्या पाऊणशे वर्षांत भरपूर लिहिले गेले आहे. ती शिकवायला उभा राहणारा शिक्षक कसा निवडायचा, कसा तयार करायचा आणि त्याला भाषा शिकवता येते हे कोणी तपासायचे, याची चर्चा मात्र तुकड्यातुकड्याने होत राहिली. ते तुकडे एकत्र मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

इंग्रजी पहिलीत आली तेव्हा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे सरकवली गेली होती. पुढे ती पाचवीत आली आणि २००० च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाली. मोरे यांची बाजू सामाजिक न्यायाची होती. शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुले बालवाडीपासून इंग्रजी शिकत असताना खेड्यातल्या बहुजनांच्या मुलांनी पाचवीपर्यंत का थांबायचे, असा त्यांचा सवाल होता. विरोधकांचा भर मातृभाषेतून पाया पक्का होण्यावर होता. आज पंचवीस वर्षांनी दोन्ही बाजू पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. पहिलीत इंग्रजी शिकवणार कोण, या प्रश्नाला दोन्हीकडून ओझरताच स्पर्श झाला.

शिकवणार होते ते त्या वेळी नोकरीत असलेले डीएड गुरुजी. त्यांतले बरेच जण स्वतः पाचवीत किंवा आठवीत इंग्रजीला भेटलेले, आणि तीही व्याकरण-भाषांतराच्या मार्गाने. त्यांना अल्प मुदतीची प्रशिक्षणे दिली गेली. या टप्प्यावर लक्षात राहण्यासारखा एक उपक्रम पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने रेडिओवरून केला. ‘वुई लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम वर्गात लागायचा. रेडिओवरचा आवाज विचारायचा, मुले उत्तर द्यायची आणि शिक्षक मुलांबरोबर शिकायचा. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाच ती शिकवायची आहे, ही अडचण या कार्यक्रमाने न लाजता मान्य केली होती. बाकीच्या प्रशिक्षणांत ती झाकण्याकडे कल असे.

प्रशिक्षणाची रूढ वाट उतरंडीची आहे. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्यात येतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला शिकवतात. गणितातली एखादी कृती अशी खाली पोचवताना फारशी बिघडत नाही. भाषेचे तसे नाही. बोलण्याचा सराव हीच मूळ वस्तू असेल, तर चौथ्या पायरीपर्यंत हातात उरतात त्या छापील पुस्तिका. औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) राज्य इंग्रजी संस्था अनेक वर्षे इंग्रजी शिक्षकांसाठीच काम करत होती. पुढे ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने माध्यमिक शिक्षकांसाठी ‘एलिस’ आणि २०१६ च्या सुमारास टाटा ट्रस्टच्या साहाय्याने नऊ जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांसाठी ‘तेजस’ हे कार्यक्रम झाले. ‘तेजस’ने उतरंड टाळून जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट बांधले आणि त्यांना ठरावीक काळाने एकत्र बसून इंग्रजीत बोलायला लावले. कल्पना साधी आणि स्वस्त होती. अशा कार्यक्रमांची अडचण सारखीच असते. प्रकल्पाचा करार संपला की गट चालू ठेवणे ही कोणाचीच नेमून दिलेली जबाबदारी राहत नाही.

हिंदीची वेगळी वाट

हिंदीच्या बाबतीत तयारीची जबाबदारी आधी सरकारबाहेरच्या संस्थांनी उचलली. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मधली. पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा तिच्या मागोमाग आली. त्यांच्या पायरीपायरीने चढणाऱ्या परीक्षा गावोगावच्या मुलांनी, कारकुनांनी आणि शिक्षकांनी दिल्या. शिक्षकांसाठी हिंदी शिक्षक सनद ही वेगळी पात्रता होती. हिंदीतर प्रांतांतल्या शिक्षकांना तयार करण्यासाठी केंद्र सरकारने आग्र्याला केंद्रीय हिंदी संस्थान उभारले.

या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली. परीक्षा पाठांतराच्या होत्या, प्रचाराच्या ओघात अध्यापनशास्त्र मागे पडले, असे आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. पण विशिष्ट भाषेसाठी विशिष्ट पात्रता असावी, ही गोष्ट या सनदेत गृहीत होती. पुढच्या काळात शिक्षकभरतीचे नियम एकसारखे होत गेले, तशी ही वेगळी पात्रता बाजूला पडली. आता भाषा कोणतीही असो, दार एकच आहे.

निवडीची चाळणी

ते दार कसे आहे हे नीट पाहायला हवे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला, म्हणजे एनसीटीईला, किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार मिळाला. २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी आली. महाराष्ट्रात ती डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली. मधल्या काळात, २०१२ पासून, राज्यात शिक्षकभरती जवळजवळ थांबली होती. २०१७ मध्ये शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले आणि त्यासाठी टेट ही अभियोग्यता चाचणी सुरू झाली. (टीईटी आणि टेट यांतला फरक उमेदवार सोडून फार थोड्यांना सांगता येतो.) टीईटी ही पात्रतेची परीक्षा, टेट ही गुणवत्ता यादीची. टेट डिसेंबर २०१७, मग २०२३ आणि मग २०२५ मध्ये झाली. म्हणजे पहिल्या दोन परीक्षांत पाच वर्षांहून मोठे अंतर पडले. तेवढ्या काळात डीएड-बीएड करून बसलेल्यांची एक पिढी शिकवण्या, शेती किंवा खाजगी शाळांतल्या तुटपुंज्या पगाराकडे वळली.

टेट २०० गुणांची आहे, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. अभियोग्यतेत मराठी आणि इंग्रजीवर काही प्रश्न असतात. उरलेला भार अंकगणित, तर्क, सामान्य ज्ञान यांवर. इंग्रजीच्या पदासाठीचा उमेदवार आणि गणिताच्या पदासाठीचा उमेदवार एकाच प्रश्नपत्रिकेवर मोजले जातात. उमेदवाराची पदवी कोणत्या विषयात आहे हे पोर्टल पाहते. त्या विषयातले त्याचे बळ यादीतल्या क्रमावर जवळजवळ परिणाम करत नाही.

टीईटीचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी. १५० गुणांत ३० पहिल्या भाषेला, ३० दुसऱ्या भाषेला. दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी. त्यातही भाषांना तीस-तीस, बालमानसशास्त्राला ३०, आणि उरलेले ६० गुण विषयाचे. हा विषय म्हणजे गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे. भाषा शिक्षकासाठी तिसरा पर्याय नाही. त्याने या दोनांपैकी कोणताही एक घ्यायचा. म्हणजे ज्याला सातवीला इंग्रजी शिकवायची आहे, त्याच्या पात्रतेचा मोठा हिस्सा इतिहास-भूगोलावर किंवा बीजगणितावर ठरतो.

आता शाळेत काय घडते ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी किमान तीन विषयगटांचे शिक्षक सांगितले आहेत: विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा. भाषांसाठी किमान एक. मराठी शाळेत त्या एकाच्या वाट्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी येतात. त्याची पदवी यांपैकी एका भाषेत असते. बीएडला त्याने निवडलेल्या अध्यापन पद्धती दोन. त्यांतली एखादीच भाषेची असण्याचाही संभव असतो. मराठी घेऊन बीए झालेला शिक्षक आठवीला इंग्रजी शिकवताना दिसतो, तो नियमाबाहेर नसतो. नियमाला तेवढेच अपेक्षित आहे. तुमसरच्या जंगलपट्ट्यातल्यासारख्या लहान शाळांत पटसंख्या घटली की तेही पद टिकवणे कठीण होते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाला शिक्षक संघटनांनी विरोध केला, तो मुख्यतः यासाठी की कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना पदवीधर शिक्षकच मिळणार नाहीत.

बोलून दाखवायचे कोणासमोर?

वरच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट कुठेच तपासली जात नाही, ती म्हणजे शिक्षकाला ती भाषा बोलता येते का. सगळे प्रश्न बहुपर्यायी आहेत. यावर दोन ठाम मते आहेत आणि दोन्हींना भक्कम आधार आहे.

भाषेच्या प्राध्यापकांत आणि प्रशिक्षकांत एक मत सरसकट ऐकू येते: भाषा शिक्षकासाठी तोंडी परीक्षा आणि नमुना पाठ असलाच पाहिजे. पर्याय निवडून काळ ओळखता येणारा माणूस मुलांशी पाच मिनिटे सलग बोलू शकेलच असे नाही, आणि प्राथमिक वर्गात मूल भाषा शिकते ते ऐकूनच. बाहेरचे दाखलेही दिले जातात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परदेशी भाषेच्या शिक्षकाला मौखिक मुलाखतीत ठरावीक पातळी गाठावी लागते. जपानी, चिनी, अरबी यांसारख्या इंग्रजी भाषकांना अवघड जाणाऱ्या भाषांसाठी ती पातळी थोडी खाली धरलेली आहे. युरोपात २००१ पासून भाषाक्षमतेच्या सहा पायऱ्यांची सामायिक चौकट आहे, तिच्यावर कोणाचीही भाषा मोजता येते.

दुसरे मत उमेदवारांचे आहे, आणि भरतीचा इतिहास ठाऊक असलेल्या प्रशासकांचेही. मुलाखत आली की ओळख आली, ‘देणगी’ आली. खाजगी अनुदानित संस्थांतल्या नेमणुकांचा अनुभव ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. जिल्हा परिषदेची भरती मुलाखतीशिवाय, निव्वळ गुणांवर होऊ लागली, तेव्हा मजुराच्या मुलीला पहिल्यांदा वशिल्याशिवाय नोकरीची आशा वाटली. तोंडी परीक्षेचे गुण दहा जरी ठेवले, तरी ते दहा कोणाच्या हातात असतील, असा त्यांचा प्रश्न आहे. तो टाळता येत नाही, कारण लेखी परीक्षाही निष्कलंक राहिलेली नाही. २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार पुणे सायबर पोलिसांनी २०२१ च्या अखेरीस उघड केला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. २०२५ मध्ये नागपूर विभागात शिक्षकांच्या वेतनासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट दिल्याचे प्रकरण बाहेर आले.

खाजगी संस्थांसाठी पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ हा पर्याय ठेवला आहे आणि त्यात अध्यापन कौशल्यही पाहता येते. पण तिथे परीक्षक संस्थेचेच असतात. मला स्वतःला दोन्ही मतांतली दरी दिसते तेवढी रुंद वाटत नाही. ध्वनिमुद्रित तोंडी चाचणी, परक्या जिल्ह्यातले दोन परीक्षक, आणि गुणांऐवजी केवळ ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा निकाल ठेवला तर वशिल्याला वाव कमी उरतो. मात्र हे राज्यपातळीवर लाखो उमेदवारांसाठी चालवणे किती जमेल, हा खर्चाचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न खराच आहे.

नोकरीत असलेल्यांचे काय?

हाँगकाँगने २००० च्या सुमारास इंग्रजी आणि पुतोंगह्वा (प्रमाण चिनी) शिकवणाऱ्यांसाठी भाषाक्षमतेची परीक्षा आणली. तिच्यात वाचन-लेखनाबरोबर श्रवण, भाषण आणि प्रत्यक्ष वर्गातली भाषा तपासली जाते. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला पुन्हा परीक्षेला बसवणे हा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने काही वर्षांची मुदत दिली आणि परीक्षा कायम ठेवली.

आपल्याकडे तोच वाद वेगळ्या वळणाने आला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने, निर्णय दिला की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली आहेत त्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांना सूट आहे, पण बढती हवी असेल तर परीक्षा आहेच. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला त्यामुळे वीस-वीस वर्षे शिकवलेले गुरुजी आणि नुकतेच डीएड झालेली त्यांची माजी विद्यार्थिनी एकाच बाकावर बसणे सहज शक्य झाले. शिक्षक संघटना म्हणतात, नेमणुकीच्या वेळी जी अट नव्हती ती आता लावू नये. अनुभवाला काही मोल आहे की नाही? पालकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कायदा मुलाच्या हक्काचा आहे, शिक्षकाच्या सोयीचा नाही. टीईटीचा निकाल बहुतेक वेळा एकअंकी टक्क्यांतच राहिलेला असल्याने या वादाला धार आहे. पण भाषा शिक्षकापुरते पाहिले, तर हाँगकाँगच्या परीक्षेने जे तपासले ते ही परीक्षा तपासतच नाही. ती उत्तीर्ण झालेल्या आणि न झालेल्या शिक्षकाच्या वर्गातल्या इंग्रजीत किती फरक असेल, याचा निष्कर्ष तिच्या गुणांवरून काढता येत नाही.

तिसरी भाषा आणि २० विद्यार्थी

२०२५ च्या उन्हाळ्यात हा विषय रस्त्यावर आला, पण दुसऱ्याच दाराने. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. विरोधानंतर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यानुसार हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येणार होती, मात्र इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी. तेवढे असतील तर शिक्षक दिला जाईल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

हिंदीच्या सक्तीबद्दलची राजकीय आणि सांस्कृतिक मते सर्वश्रुत आहेत. ती इथे पुन्हा मांडत नाही. शिक्षकाच्या अंगाने मात्र त्या सुधारित निर्णयातला २० चा आकडा बोलका आहे. नाकाडोंगरीच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळेत एका इयत्तेत २० मुले भरणेच अवघड, मग एकाच भाषेसाठी २० कुठून आणणार? तिथे निवडीचा हक्क कागदावर राहिला असता आणि जी भाषा शिकवायला माणूस हाताशी आहे तीच शिकवली गेली असती. सहावीपासून तिसरी भाषा आणण्याची शिफारस २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आहे. पहिलीच्या विरोधात तिचा आधार घेतला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात राज्याराज्यांनी करार करून एकमेकांचे भाषा शिक्षक घ्यावेत, असेही सुचवले आहे. तेलुगू शिकवणारा तेलंगणातून महाराष्ट्रात आणि मराठी शिकवणारा इथून तिकडे जावा, ही कल्पना आहे. सेवाज्येष्ठता, बिंदुनामावली आणि निवृत्तिवेतन यांची सांगड घालून असा करार कसा लिहायचा, हे कोणी तपशिलात मांडलेले दिसत नाही.

जर्मन, जपानी आणि गोंडी

परदेशी भाषांचे चित्र पुणे-मुंबईपुरते बरे आहे. मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विदेशी भाषा विभाग यांनी घडवलेले शिक्षक तिथल्या शाळांना मिळतात. त्यांच्याकडे भाषेचे पक्के प्रमाणपत्र असते, पण बीएड बहुधा नसते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे नेमके उलटे. धोरण बदलले की या शिक्षकांची नोकरी किती कच्च्या पायावर असते, ते २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून जर्मन ही तिसरी भाषा म्हणून वर्षाच्या मध्येच काढली गेली तेव्हा दिसले. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा पहिली अडचण हीच आली, की जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन शिकवणार कोण?

खेड्यातले उदाहरणही आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची ते विचारले गेले. यंत्रमानवाच्या आकर्षणाने बऱ्याच मुलांनी जपानी सांगितली. सुरुवात शिक्षकांनी इंटरनेटवरच्या ध्वनिफिती आणि भाषांतराच्या साधनांवर केली. बातमी कळल्यावर भाषेचा एक जाणकार विनामूल्य ऑनलाइन शिकवू लागला. भरती, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांतले काहीही नसताना वर्ग चालला. या उदाहरणाचे कौतुक रास्त आहे. त्यावर धोरण उभारता येणार नाही, एवढेच.

दुसऱ्या टोकाला गोंडी आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढे मान्यतेअभावी तिला अनधिकृत ठरवले गेले. शिकवणाऱ्यांना भाषा जन्मापासून येते, पण गोंडी शिकवण्याचे मान्य प्रमाणपत्र देणारी व्यवस्थाच नाही. तुमसर भागातही हा पेच आहे, फक्त त्याला तोंड फुटलेले नाही. पवित्रची यादी राज्यभराची असल्याने नांदेडचा किंवा साताऱ्याचा उमेदवार इथे येऊ शकतो. मुलाची झाडीबोली किंवा पोवारी त्याला समजते का, हा निकष कुठेही नाही. अनुसूचित क्षेत्रांत काही पदांसाठी स्थानिक आदिवासी उमेदवारांची तरतूद झाली, पण त्या १३ जिल्ह्यांत भंडारा नाही. मुलाची बोली जाणणारा पण टेटमध्ये मागे पडलेला उमेदवार बरा, की गुणांनी वर असलेला अनोळखी? स्थानिकांना प्राधान्य दिले की गुणवत्तेची यादी मोडते, न दिले तर नेमणूक होऊन दोन-चार वर्षांनी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज येतो.

अडलेले काही

एक दुखणे पैशाचे आहे. नवा शिक्षक तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. अस्खलित इंग्रजी किंवा जर्मन बोलणाऱ्या तरुणीला नागपुरात याहून बऱ्या नोकऱ्या आहेत. त्यामुळे पात्रता कडक केली आणि मानधन तेच ठेवले, तर चाळणीवर दाणे उरतील की नाही, ही शंका प्रशासन बोलून दाखवते. तयारीच्या बाजूला बीएड २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम येऊ घातला आहे. वर्षे वाढली तरी त्यांत भाषा बोलण्याचे तास किती धरायचे, हे अध्यापक महाविद्यालयांवरच सोपवलेले दिसते.

बाकीचे अडलेले प्रश्न नियमांच्या भाषेत लहान आहेत. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात भाषा शिक्षकासाठी ६० गुणांचा भाषेचाच पर्याय ठेवायचा तर चौकट एनसीटीईची आहे, राज्याची नाही. भाषांसाठीचे किमान एक पद दोन करायचे तर संचमान्यतेचे निकष आणि अंदाजपत्रक दोन्ही बदलावे लागतील. पोर्टलवर विषयनिहाय चाचणी जोडणे त्या मानाने राज्याच्या हातात आहे. त्यासाठी पुढच्या टेटची जाहिरात निघण्याआधी निर्णय व्हावा लागेल. आणि टीईटीसाठीची सप्टेंबर २०२७ ची मुदत जवळ येते आहे, तसे सध्याच्या भाषा शिक्षकांतले बरेच जण शाळा सुटल्यावर सामाजिक शास्त्रांच्या किंवा गणिताच्या मार्गदर्शिका उघडून बसणार आहेत.